भजनाचं मिक्स रेडिओसाठी: झांज, पखवाज आणि ५० मायक्रोसेकंद

गणपती जवळ आले की कोकणातल्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं रेडिओकडे जायला लागतात. हल्ली बरीचशी घरातच होतात. ओटीवर पाच-सहा माइक, आठ चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र), एक लॅपटॉप, झालं. यूट्यूबवर ती चांगली वाजतात. तीच फाइल रेडिओवर लागली की मात्र झांज चरचरते, बुवांचे शब्द मधूनच झाकोळतात आणि पखवाजाची धूम (डाव्या बाजूचा खर्जाचा ठोका) पडली की पेटी दबते. सिंधुदुर्गातल्या एका मंडळाची सात भजनं (रूपावली, तीन अभंग, दोन गवळणी आणि गजर) आम्ही सामुदायिक रेडिओसाठी तयार केली. ते काम टप्प्याटप्प्याने कसं झालं, कुठे अडलं आणि का, ते इथे लिहितो आहोत.

आधी पलीकडे काय होतं ते समजून घ्यावं लागतं. स्टेशनवर वाजणारी प्रत्येक गोष्ट, मग ते निवेदन असो, जाहिरात असो की भजन, ट्रान्समीटरला जाण्याआधी एका प्रोसेसरमधून जाते. ऑर्बनचा पहिला एफएम ऑप्टिमॉड १९७५ सालचा. आजच्या अशा यंत्राचा गाभा साधारण असा असतो. आधी एजीसी हा आपोआप आवाज राखणारा भाग हळूहळू पातळी सारखी करतो, मग सुरांच्या तीन-चार किंवा जास्त पट्ट्यांत विभागलेला कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून चढउतार कमी करणारा), मग लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा) आणि शेवटी क्लिपर (वर गेलेलं टोक छाटणारा). एफएमचं डेव्हिएशन (आवाजाबरोबर वाहक लहरीची वारंवारता जेवढी सरकते ते) ±७५ किलोहर्ट्झच्या वर जाता कामा नये, म्हणून शेवटच्या टप्प्याला दयामाया नसते. जे वर जाईल ते कापलं जातं.

याचा पहिला परिणाम असा, की आपण फाइल किती जोरात पाठवली याला काही किंमत उरत नाही. हळू असेल तर एजीसी उचलतो, जोरात असेल तर दाबतो. लिमिटर ठोकून मायनस ८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) नेलेलं मिक्स आणि मायनस १८ वर मोकळं ठेवलेलं मिक्स हवेत जवळजवळ सारख्याच जोराने ऐकू येतात. फरक एवढाच, की पहिलं आधीच फाटलेलं असतं आणि प्रोसेसर ते आणखी फाडतो. त्यातही एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. बहुतेक प्रोसेसरांत फेज रोटेटर असतो. माणसाच्या आवाजाची लहर वर-खाली सारखी नसते, ती सारखी करून घेण्यासाठी तो असतो. लिमिटरने चपटी केलेली टोकं त्यातून गेली की तिरकी होतात आणि पीक (लहरीची सर्वांत उंच टोकं) पुन्हा काही डेसिबल (डीबी) वर येतात. म्हणजे जोर मिळवण्यासाठी जे चपटं केलं ते पुन्हा टोकदार झालं आणि क्लिपरच्या तोंडी गेलं. घरी पडताळायचं असेल तर जोरात मास्टर केलेल्या कुठल्याही फाइलवर नुसता ३० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर काढणारा फिल्टर) लावून बघा. पातळी तसूभर वाढवलेली नसते, तरी पीक मीटर लाल होतो.

पण भजनाच्या बाबतीत खरी अडचण वरच्या सुरांची आहे आणि ती प्री-एम्फसिसमुळे येते. एफएममध्ये खरखर वरच्या भागात जास्त असते. म्हणून पाठवताना वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ संच ते तेवढेच खाली आणतो. आपल्याकडे आणि युरोपात हे वाढवणं ५० मायक्रोसेकंदांचं असतं, अमेरिकेत ७५. ५० मायक्रोसेकंद म्हणजे ३.१८ किलोहर्ट्झपाशी ३ डीबी वाढ, ५ किलोहर्ट्झला साधारण साडेपाच, १० ला साडेदहाच्या जवळ आणि १५ किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डीबी. त्याच्या वर आवाज जातच नाही, कारण १९ किलोहर्ट्झला स्टिरिओचा पायलट (स्टिरिओ असल्याची खूण देणारा सूर) बसलेला असतो.

आता झांज घ्या. काशाची जाड, वाटीसारखी झांज गजरात दोन्ही हातांनी कडेवर वाजते तेव्हा तिचा मोठा जोर ५ किलोहर्ट्झच्या वरच असतो. मिक्समध्ये ती मीटरवर निरुपद्रवी दिसते, मायनस १४ वगैरे. त्यावर १०-१२ डीबी चढले की तीच सगळ्यांच्या वर जाते. प्रोसेसरला वरची मर्यादा राखायची असते, म्हणून तो वरचे सूर दाबतो. आणि तो एकट्या झांजेचे दाबू शकत नाही. त्या क्षणाला वरच्या पट्टीत जे जे असेल ते सगळं दाबलं जातं. बुवांचे ‘स’, ‘श’, ‘च’, पखवाजाच्या शाईचा ‘ता’, पेटीची धार, सगळं झांजेच्या प्रत्येक ठोक्याला खाली जाऊन वर येतं. शब्द झाकोळतात ते यामुळे. लोक म्हणतात माइक खराब होता. माइकचा यात काही दोष नसतो.

म्हणून रेडिओसाठीचं काम मिक्सच्या वेळी सुरू होत नाही, झांजवाला कुठे बसतो तिथे सुरू होतं. सवयीने तो बुवांच्या बाजूला बसतो. मग झांज तिच्या माइकपेक्षा बुवांच्या माइकमध्ये जास्त शिरते आणि नंतर बुवांचा आवाज वर केला की झांजही वर येते. ती वेगळी काढता येत नाही. आम्ही झांजवाल्याला बुवांच्या समोर, सात फुटांवर बसवलं. बुवांचा माइक कार्डिऑइड होता. त्याला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं, तेव्हा माइकची पाठ थेट झांजेकडे केली. दोघं एकमेकांना दिसतात, त्यामुळे लय बिघडत नाही. एवढ्या एका बदलाने बुवांच्या ट्रॅकवरची झांज निम्म्याहून कमी झाली.

झांजेसाठी कंडेन्सर माइक (वरचे सूर बारकाईने टिपणारा) लावायचा मोह टाळावा. आम्ही शुअरचा एसएम ५७ लावला. कंपनीनेच त्याची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झ दिली आहे आणि एफएमचीही तेवढीच. माइक झांजेच्या कडेच्या रेषेत कधीही ठेवू नये. दोन झांजा मिटतात तेव्हा मधली हवा कडेने बाहेर फेकली जाते आणि प्रत्येक ठोक्याला ‘फप्’ असा धक्का बसतो. वरून, तीन-साडेतीन फुटांवरून, खाली बघणारा माइक ठेवला की ठोका कमी आणि आस (ठोक्यानंतर घुमत राहणारा सूर) जास्त मिळते. रेडिओला आस हवी असते. ठोका तर बाकीच्या पाच माइकांतून येतोच.

पातळी गजरावरून ठरवावी. मंडळ आवाज तपासायला अभंग म्हणतं आणि त्यावर गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते) लावला की गजरात सगळं लाल होतं. आम्ही आधी दोन मिनिटं गजरच म्हणवून घेतला, प्रत्येक माइकचा पीक मायनस १० ते मायनस १२ डीबीच्या आत ठेवला आणि मग हात लावला नाही. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडून काहीही गमवावं लागत नाही.

जागेबद्दल थोडं. चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या समोरासमोरच्या भिंती आणि खाली फरशी असली की टाळी वाजवल्यावर ‘टर्र’ असा फडफडता प्रतिध्वनी येतो. एका भिंतीवर दोन जाड गोधड्या आणि फरशीवर सतरंजी, एवढ्याने तो गेला. पावसाचं मात्र काही करता येत नाही. कौलांवर पडणारा पाऊस एक वेळ चालतो, पत्र्यावरचा नाही. पावसानंतरच्या बेडकांचा आणि किरकिऱ्यांचा आवाज तर नेमका ३-४ किलोहर्ट्झपाशी, बुवांच्या व्यंजनांच्या अंगावर येतो. बंद खोलीत रेकॉर्डिंग ऐकताना तो जाणवत नाही. पण दोन ओळींच्या मध्ये बुवा श्वास घेतात तेवढ्यात कॉम्प्रेसर सैल पडतो आणि मागचं सगळं ७-८ डीबी उचलून पुढे आणतो. एजीसीला गेट असतं, अगदी शांतता असेल तर तो जागच्या जागी थांबतो. पण बेडकांचा आवाज गेटच्या जरा वर असला की तो त्याला गाणंच समजतो. म्हणून आम्ही दुपारी, उघडीप बघून, पंखे आणि फ्रिज बंद करून रेकॉर्डिंग केलं. नॉइज रिडक्शनवर भिस्त ठेवू नये. ३-४ डीबीच्या वर लावलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि प्रोसेसर तो बुळबुळीतपणा आणखी उघडा करतो.

विजेची गुणगुण हा वेगळा विषय आहे. ५० हर्ट्झचा ‘हूं’ फारसा त्रास देत नाही, हाय-पास त्याला सांभाळतो. त्रास १५०, २५०, ३५० अशा वरच्या पटींचा होतो. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावाला उरतो. त्यात लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर. आम्ही चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं आणि इंटरफेस लॅपटॉपवरूनच चालवला. लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू ठेवू नये. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते आणि तिची गुरगुर पेटीच्या सुरांत मिसळली की कुठल्याच फिल्टरने निघत नाही.

मिक्सला बसल्यावर पहिलं काम पखवाजाचं. त्याला दोन माइक होते, एक शाईच्या पुड्यापाशी, एक धुमेच्या. दोन माइक एकाच खोडाच्या दोन टोकांकडून समोरासमोर बघत असतात, त्यामुळे खालच्या सुरांत ते एकमेकांच्या उलट पडू शकतात. हेडफोनवर, डावीकडे-उजवीकडे पसरून ऐकलं तर काही कळत नाही. उलट पखवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. मिक्स मोनो केलं आणि धूम पोकळ झाली, नुसती ‘टप टप’ उरली. धुमेच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवली तेव्हा ८० हर्ट्झपाशी अंग परत आलं. हे मोनोमध्येच तपासायचं, कारण पुष्कळ ऐकणारे मोनोतच ऐकतात. मोबाइलचा स्पीकर, स्वयंपाकघरातला लहान संच, रिक्षातला एकच चालू असलेला स्पीकर. शिवाय आपल्याकडे डोंगर आणि घाट आहेत. थेट लहर आणि डोंगरावरून परतलेली उशिराची लहर एकत्र आली की पहिल्यांदा स्टिरिओचा फरकाचा भाग (डाव्या-उजव्यातला फरक वाहून नेणारा) बिघडतो. स्टिरिओ ऐकताना खरखर मोनोपेक्षा २० डीबीहून जास्त असते, म्हणून गाडीतले संच सिग्नल कमी झाला की आपोआप मोनोकडे सरकतात. सामुदायिक रेडिओला ट्रान्समीटरची प्रसारित शक्ती सहसा १०० वॅटपर्यंतच मिळते, पल्ला ५ ते १० किलोमीटर. पल्ल्याच्या कडेला असलेल्या वाड्यांना स्टिरिओ मिळणारच नाही असं धरून चालावं. तेव्हा स्टिरिओ रुंद करणारं कुठलंही प्लगइन लावलं नाही. बुवा आणि पखवाज मधोमध, पेटी किंचित डावीकडे, कोरस दोन्ही बाजूंना, झांज उजवीकडे पण अर्ध्यापर्यंतच.

धुमेच्या पुड्यावर लावायची कणीक हाही मिक्सचाच भाग समजावा. ती सुकत गेली की सूर चढतो आणि बैठकीच्या शेवटच्या भजनात धूम पहिल्यापेक्षा वेगळी लागते. दर दोन भजनांनंतर पखवाजवाल्याला कणीक ओली करून सूर मिळवायला वेळ दिला, तर नंतर सातही भजनांना एकच ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची जुळणी) चालतो.

खालचे सूर आम्ही असे घेतले: बुवांच्या ट्रॅकवर १०० हर्ट्झचा हाय-पास, पेटीवर १२० चा, कोरसवर १५० चा, झांजेवर ५०० चा आणि पूर्ण मिक्सवर ३५ चा. ओटीवर कुणी पायाने ताल धरला की २०-२५ हर्ट्झचे धक्के माइकच्या स्टँडमधून चढतात. ते ऐकू येत नाहीत, पण क्लिपरमधली जागा खातात आणि बुवांच्या आवाजाला त्यांच्या तालावर थरथरवतात.

झांजेचा फेडर (पातळीची सरकपट्टी) यूट्यूबच्या मिक्सपेक्षा ४ डीबी खाली घेतला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून ६ किलोहर्ट्झच्या वर एक शेल्फ (त्यावरचं सगळं सारखं कमी करणारा फिल्टर) लावून आणखी ३ डीबी काढले. ऐकायला झांज तशी फार कमी झालेली वाटत नाही. तिची ओळख ३ ते ५ किलोहर्ट्झच्या आसेत आहे आणि ती आम्ही राखली. बुवांच्या आवाजावर डीएसर (‘स’सारखे टोचणारे आवाज दाबणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, जास्तीत जास्त ४ डीबी दाबेल एवढाच. मराठीत ‘संत’मधला ‘स’ जसा टोचतो तसाच ‘चाकर’मधला दंत्य ‘च’ही टोचतो. डीएसर लावताना फक्त ‘स’ बघून थांबू नये. जिथे प्लगइनला जमलं नाही तिथे ते अक्षर हाताने निवडून ३ डीबी खाली केलं. एका भजनाला वीस मिनिटं लागतात, पण ती सत्कारणी लागतात.

रिव्हर्ब (मुद्दाम मिसळलेला घुमारा) नेहमीच्या निम्मा. प्रोसेसर मागचं सगळं पुढे आणतो, त्यात रिव्हर्बही येतो. घरी जो रिव्हर्ब जेमतेम जाणवतो तो रेडिओवर पुरेसा असतो. घरी चांगला वाटला तर रेडिओवर बुवा विहिरीतून गायल्यासारखे वाटतात. त्याच कारणाने कोरसही वर येतो, म्हणून बुवांना कोरसपेक्षा स्पष्ट पुढे ठेवलं. पूर्ण मिक्सवर २:१ चा सावकाश कॉम्प्रेसर, सुईने २ डीबीपेक्षा जास्त हलू नये असा. शेवटी लिमिटर, पण तो गजरातल्या एखाद-दुसऱ्या ठोक्यालाच लागेल असा. शेवटी अभंग मायनस १८ एलयूएफएसच्या आसपास आले, गजर मायनस १६ वर, आणि ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वोच्च टोक) मायनस ३ च्या खाली.

आता घरच्या घरी करायची तपासणी, जी आमच्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी आहे. मिक्सची प्रत घ्या. तिच्यावर असा ईक्यू लावा, की १.६ किलोहर्ट्झला १ डीबी, ३.२ ला ३, ५ ला साडेपाच, १० ला साडेदहा आणि १५ ला पावणेचौदा डीबी वाढ होईल. १५ च्या वर लो-पास लावून सगळं काढून टाका. आता पीक मीटर बघा. मूळ मिक्सच्या पीकपेक्षा तो २-३ डीबीच वर गेला तर ठीक. आमच्या पहिल्या मिक्समध्ये गजराला तो ९ डीबी वर गेला होता. तेवढं काम क्लिपरला पडणार हे तिथेच दिसलं. झांज आणि डीएसर सुधारल्यावर हा आकडा ३ वर आला. पुढची पायरी: या वाढवलेल्या प्रतीवर मूळ पीकच्याच पातळीला लिमिटर लावा आणि त्यानंतर पहिल्याच्या नेमका उलटा ईक्यू. जे ऐकू येईल ते रेडिओवर काय होणार याच्या बरंच जवळ असतं. ते मोनोत, लहान स्पीकरवर, हळू आवाजात ऐका. हळू आवाजात शब्द कळले तर मिक्स जमलं.

मध्यम लहरींवर जाणार असेल तर आणखी एक लो-पास, ४.५ किलोहर्ट्झचा. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि साधे संच त्याच्या निम्म्याच्या वरचं फारसं ऐकवत नाहीत. तिथे झांजेचा वरचा भाग असा नाहीच. सगळी भिस्त बुवांच्या २ ते ४ किलोहर्ट्झवर. त्या भागात पेटी दाटली असेल तर पेटीतून अडीच किलोहर्ट्झपाशी २ डीबी काढले की शब्द मोकळे होतात.

भजनांची सुरुवात आणि शेवट याकडेही बघावं लागतं. लांब फेड-आउट करू नये. आवाज खाली जातो तसा एजीसी वर उचलतो आणि शेवटी फक्त खोलीचा आवाज मोठा होत जातो. गजर सम गाठून संपवला, झांजेची आस चार सेकंद राहू दिली आणि फाइल तिथे बंद केली. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची शांतता. पेटीचा सूर फार हळू सुरू होत असेल तर तो भाग २-३ डीबी वर घ्यावा. स्टेशनवरची वाजवण्याची प्रणाली ठरावीक पातळीच्या खालचं सुरुवातीचं ‘रिकामं’ समजून कापते आणि पहिला सूर तुटतो.

फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका मिनिटाला साधारण १७ एमबी, म्हणजे सात मिनिटांचं भजन १२० एमबीच्या आसपास. जिथे नेटवर्क नाही तिथून ती सरळ पेन ड्राइव्हवर जावी. व्हॉट्सअॅपने पाठवायचीच असेल तर ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. ऑडिओ म्हणून पाठवली की दाबली जाते. एमपीथ्री तर नकोच. स्टेशनवर ती पुन्हा एकदा दाबली जाण्याची शक्यता असते आणि दोनदा दाबलेली झांज वाळू चाळल्यासारखी लागते. स्टेशनने १६ बिट मागितली तर शेवटी एकदाच, डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर) लावून. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता, कारण जुन्या प्रणालींत देवनागरी नावांचे चौकोन होतात. सोबत एका कागदावर प्रत्येक भजनाची लांबी, शेवट कसा आहे, आणि हे मिक्स मुद्दाम मोकळं ठेवलं आहे ही सूचना. ती नसेल तर आवाज कमी वाटतो म्हणून कुणीतरी चांगल्या भावनेने ‘नॉर्मलाइझ’ करून टाकतं.

भजन लागलं त्या दिवशी साध्या संचाच्या हेडफोन सॉकेटमधून ते रेकॉर्ड केलं आणि आमच्या मिक्सशेजारी ठेवून, दोन्ही एकाच पातळीला आणून ऐकलं. अभंग आणि गवळणी जवळजवळ तशाच होत्या. गजराच्या शेवटच्या आवर्तनांत, झांज दुप्पट लयीत गेल्यावर, ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ अजूनही दबत होता. कारण उघड आहे: ठोके इतके जवळ आले की दोन ठोक्यांच्या मध्ये प्रोसेसरला सुटायला वेळच मिळत नाही. मग फक्त त्या चाळीस सेकंदांत झांजेचा फेडर आणखी दीड डीबी खाली आणि बुवांचा १ डीबी वर नेला, तपासणीचा आकडा ३ वरून २ वर आला, आणि तीच फाइल नावापुढे ‘२’ लावून स्टेशनला परत दिली.